प्रश्नाविना शंभर दिवस

नववी-दहावीच्या मुलांना लैंगिक आरोग्याचे शिक्षण द्यावे आणि त्याचा परिणाम शंभर दिवसांनी कळवावा, असे परिपत्रक हिंदी मुलखातल्या आमच्या कोहक्यात, नातीच्या शाळेत आले. शिक्षण चार तासांत उरकले. परिणाम कशाने मोजायचा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

पालक समितीचे पुंडलिकराव इथल्या पोलादाच्या प्लांटच्या सेफ्टी विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी फाटकावर हिरवा फळा लावला: ‘प्रश्नाविना दिवस’.

“ज्याले समजलं, तो कावून विचारीन?” ते म्हणाले. कोणी विचारले की आकडा शून्यावर. शंभर भरले तर शील्ड. घरी विचारलेला प्रश्नही शाळेच्याच खात्यात.

आमचे हे प्लांटात होते, तेव्हा असाच फळा अपघातांचा असे. आकडा मोडू नये म्हणून पाय मुरगळलेला माणूसही सरळ चालत घरी येई. मला त्या फळ्याचा फार अभिमान होता.

अकराव्या दिवशी नववीतल्या गौरवने विचारले, “मॅडम, ये परीक्षा में आएगा क्या?” चौकशी बसली. प्रश्न परीक्षेविषयी असल्याने ‘निअर मिस’, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, अशी नोंद झाली आणि खबरदारी म्हणून त्या विषयाची पुस्तकेच कपाटात गेली.

त्र्याण्णवाव्या दिवशी माझी नात रेणू स्वयंपाकघरात आली.

“आजी, मले एक विचारायचं होतं. पंधरा दिवस झाले, पाळी थांबूनच नाही राहिली.”

“सातच दिवस राहिले, बाई,” मी म्हणाले. “शील्ड येऊ दे, मंग विचारजो.”

शील्ड आले. टाळ्या चालू असतानाच रेणू कोसळली. दवाखान्यात रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या.

“बाईस दिन? पहले किसी से पूछा क्यों नहीं?” डॉक्टरीणबाईंनी विचारले. रेणूने माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे.

समितीची तातडीची बैठक झाली. प्रश्न डॉक्टरांनी विचारला, विद्यार्थिनीने नव्हे. सबब आकडा कायम. अहवालात परिणाम लिहिला: ‘विद्यार्थ्यांच्या मनात कोणतीही शंका उरलेली नाही.’

घरी आल्यावर रेणू माझ्याजवळ बसली. “आजी, तुझ्या वेळेस तुले कोणी सांगितलं होतं?”

गोंदियाकडचे आमचे घर आठवले. कोपऱ्यात तेरा वर्षांची मी, मरणार या खात्रीने बसलेली. माय चुलीशी, पाठ करून. तिला विचारले नाही, ते नाहीच. तेव्हा फळा नव्हता म्हणून आकडा लिहायचा राहिला. आज मोजला: तेवीस हजारांवर दिवस.

तुमच्या घरचा किती, ते घरात विचारू नका. उगाच मोडेल.