दुखानचे जादा मासे

"गुन्हेगार झोपतो तेव्हा शशिकांत खांबेटे जागा असतो," असं शशिकांत खांबेटे स्वतःच सांगायचे, आणि सांगता सांगता सोफ्यावर घोरायला लागायचे. कतारमधल्या दुखानच्या तेल कंपनीत ते सेफ्टी इंजिनिअर. पण ती आपली पोटापाण्याची सोय, खरा पेशा गुप्तहेराचा, हे कॉलनीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या चहाबरोबर ऐकावं लागे. आजवर त्यांनी दोन केसेस सोडवल्या होत्या. एक, टीव्हीचा हरवलेला रिमोट. ते त्यावरच बसले होते. दुसरी, गणपतीच्या कार्यक्रमातून चोरीला गेलेली चप्पल. ती त्यांच्याच पायात निघाली. दोन्ही वेळा आरोपी जागेवर सापडला, हे मात्र मान्य करायला हवं.

या थोर पुरुषाची सहायक म्हणजे त्यांची बायको विभावरी. पगार नाही, आणि राजीनामा द्यायचीही सोय नाही.

मुलगा गंधार पुण्याला कॉलेजात गेला आणि विभावरीला घर खायला उठलं. घरात काहीतरी जिवंत हवं, असं तिने ठरवलं. दुकानातले रंगीत मासे नकोत, इथल्या खाडीतलेच हवेत.

"इतकी वर्षं राहतोय इथे," ती म्हणाली. "घर कंपनीचं, सोफा कंपनीचा, दारातलं झाडसुद्धा कंपनीचं. इथलं एक काहीतरी आपलं असू दे की."

शशिकांतरावांनी लगेच फाइल उघडली. मासे पकडायचे तर रीतसर, परवानगी काढून. ते सरकारी कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने विचारलं, "किती हवेत?" हे गडबडले आणि चार म्हणाले. साहेबाने चाराची परवानगी दिली.

मग एका शुक्रवारी शशिकांतराव एसी लावलेल्या गाडीत दुर्बीण घेऊन परिसरावर नजर ठेवत बसले, आणि विभावरीने गुडघाभर पाण्यात उभं राहून हातजाळीने बोटाएवढे चार मासे पकडले. दोघांच्या शेपटीवर पिवळे-काळे पट्टे, दोघे नुसते रुपेरी. घरी काचेच्या टाकीत सोडल्यापासून पट्टेवाले सारखे रुपेऱ्यांच्या मागे मागे.

"पाळत ठेवतायत," शशिकांतराव कौतुकाने म्हणाले. "आमच्याच लाइनमधले दिसतात."

काही आठवड्यांनी विभावरी पोहे परतत होती, तेव्हा बाहेरून त्यांचा आवाज आला. "विभा, तिथेच थांब. घरात गुन्हा घडलाय."

"काय गेलं?"

"गेलं नाही. आलंय."

टाकीत मासे वाढले होते. चाराचे पंधरा. ती बघायला येईपर्यंत यांनी ऑफिसातली पिवळी सेफ्टी टेप टाकीभोवती अशी गुंडाळली होती की आतला मासाही दिसेना. पुराव्याला हात लागायला नको ना.

"कोणीतरी मुद्दाम आणून टाकलेत. चाराच्या वर एक सापडला तरी व्हिसा खलास. पहिल्या विमानाने पुणे." त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "हा शेजारच्या वलीचा डाव. त्याच्या बुटांना काल वाळू होती."

"अहो, वाळू नसलेला बूट दुखानात दाखवा तरी. आणि वलीभाई आपल्यासाठी शुक्रवारी बिर्याणी पाठवतात."

"तेच तर. संशय येऊ नये म्हणून."

दुपारपर्यंत वलीभाई सुटले आणि नळ अडकला. इथल्या नळाचं पाणी मुळात समुद्राचं, मीठ काढून सोडलेलं, तेव्हा मासे पाइपातूनच आले असणार.

"मग बादलीत सुरमई कधी येतेय ते सांगा," विभावरी म्हणाली. "मसाला वाटून ठेवते."

पण संध्याकाळी ते बादली घेऊन आले, तेव्हा तिची थट्टा संपली. सगळे मासे खाडीत परत सोडायचे, असं त्यांचं ठरलं होतं. विभावरी टाकीच्या आड येऊन उभी राहिली.

"नका ना हो नेऊ. मला हवेत ते," ती म्हणाली. "सकाळी त्यांच्याशीच बोलते मी. दुसरं कोण आहे घरात?"

शशिकांतरावांनी बादली काही खाली ठेवली नाही. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण व्हिसा तो व्हिसा.

तेवढ्यात वलीभाईंची बायको आबिदा बिर्याणीचा डबा परत न्यायला आली. रत्नागिरीची, तीन मुलांची आई. टेप बघून ती म्हणाली, "काय भावजी, करंट येतोय की काय टाकीला?" आणि टेप सरळ बाजूला सारून तिने आत डोकावलं.

"अगो विभावरी, पोरं झाली की यांना. किती गोड आहेत. मला सांगायचं नाही?"

"पोरं?" शशिकांतराव म्हणाले. "अशक्य. हा पट्टेवाला तर नुसता पाळत ठेवून होता."

"भावजी," आबिदा डबा उचलत म्हणाली, "तुमचा गंधार कसा झाला?"

विभावरी तोंडाला पदर लावून हसत सुटली. शशिकांतराव मात्र परवानगीवर अडून बसले. चार म्हणजे चार, पिल्लं अनधिकृत. शेवटी त्यांनी कचेरीतल्या त्या साहेबाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मोडक्या हिंदीत संपूर्ण कबुलीजबाब दिला. पलीकडे कोणीतरी बराच वेळ खोकत होतं. ते हसू होतं, हे विभावरीला कळलं.

"मबरूक," साहेब म्हणाला. "अभिनंदन. पकडायची परवानगी चाराची होती, चारच पकडलेत. तुमच्या घरी जन्मले ते तुमचेच. आणि भाई, आता नातवंडं झाली तर फोन करू नका."

तुमचेच. विभावरीचे डोळे भरून आले. तिने नवऱ्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि न्हाणीघरात नेऊन ठेवली.

"मला पहिल्यापासून घरातल्याच माणसाचा संशय होता," शशिकांतराव टेप गुंडाळत म्हणाले. कोणी ऐकत नाही असं बघून त्यांनी ही कामगिरी सांगायला गंधारला फोन लावला. गंधारने पहिलं काय विचारलं असेल तर आई कुठे आहे.

विभावरी टाकीपाशी गुडघे टेकून चिमटीने खाणं बारीक करत होती. त्यांनी फोन तिच्या कानाला लावला.

"बरी आहे रे मी," ती म्हणाली. "पण आत्ता ठेव बाळा, नंतर बोलते. पोरं लहान आहेत, सकाळपासून उपाशी आहेत."