उत्तर देऊ नये

अंबादासअण्णा रोज सकाळी एकेचाळीस जणांना एकच प्रश्न विचारतात, ‘पोचलं का?’ आणि कुणी उत्तर दिलं की चिडतात.

सांगते. सोलापुरात कन्ना चौकाजवळच्या एका खोलीत आमची दोन टेबलं आहेत. माझ्या टेबलावर मी जाहिरातींचा मजकूर लिहिते, शेजारच्या टेबलावर अण्णा लोकांच्या वेबसाइटी सांभाळतात. टॉवेलवाले, दातांचे डॉक्टर, दोन मंगल कार्यालयं, चिंचोळी एमआयडीसीतला एक पंपांचा कारखाना, अशी सगळी जत्रा. प्रत्येक साइटवर ‘आमच्याशी संपर्क साधा’ असा एक फॉर्म असतो. गिऱ्हाइकानं तो भरला की मालकाला ईमेल जातो. तो जातोय ना, हे पाहायला अण्णा आल्या आल्या, चहाच्याही आधी, एकेचाळीस फॉर्म स्वतःच्या हातानं भरतात. नावाच्या रकान्यात ‘चाचणी’. खाली मजकूर, ‘पोचलं का? उत्तर देऊ नये.’

“अहो अण्णा, उत्तर द्यायचं नाही तर पोचलं हे कळणार कसं?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“ज्याला पोचलं न्हाय त्यानं फोन करायचा. सगळ्यांना सांगून ठेवलंय. पोचलेल्यांनी गप बसायचं. एकेचाळीस जण ‘पोचलं, पोचलं’ करत बसले तर मी काम कधी करू?”

हे काम आपोआप करणारी सोय मिळते, असंही मी सुचवून पाहिलं. “ती सोय बंद पडली तर कोण सांगणार?” अण्णा म्हणाले.

अण्णा पूर्वी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. चोवीस मागांच्या खडखडाटात कुठला माग आजारी आहे, हे ते दारात चप्पल काढता काढता सांगत. कारखान्याच्या मालकानं हौसेनं वेबसाइट काढली होती. ती बंद पडली. हे पण यंत्रच की, असं म्हणत अण्णांनी ती उघडली आणि आठवडाभर झगडून चालू केली. पुढे कारखाना बंद झाला, वेबसाइट मात्र चालू राहिली आणि अण्णांचा धंदा बदलला.

वेबसाइटला फोटो दाखवायला, फॉर्म चालवायला, मेल पाठवायला अशी वेगवेगळी तयार जोडकामं बसवतात. त्यांना प्लगिन म्हणतात. मला हे अण्णांनी समजावलं ते असं: “प्लगिन म्हंजे भाडेकरू, ताई. एकेकटा भेटला तर देवमाणूस. सगळ्यांना एका नळावर आणा, मग बघा.”

नळावरचं भांडण सोडवायची त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी साइटची नक्कल काढून ठेवायची. मग सगळे भाडेकरू बाहेर. मग एकेकाला आत घ्यायचं आणि दर वेळी थांबून बघायचं. मी घाई केली की हात वर करून “आगू, आगू” म्हणतात. तेलुगूत म्हणजे ‘थांब, थांब’. घरची भाषा त्यांना फक्त काळजीच्या वेळी आठवते.

आणि क्लायंटचा फोन आला की पहिला प्रश्न, “शेवटचा हात कुणाचा?”

क्लायंट न चुकता म्हणतो, “कुणीच नाही हो हात लावला!” एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी तर शपथ घेतली होती. त्यांच्या साइटवरचं बुकिंगचं कॅलेंडर गायब झालं होतं. अण्णांनी साइट उघडली तर पानावर वरून खाली बर्फ पडत होता. मे महिन्यात, सोलापुरात! मालकांच्या मेव्हण्यानं बर्फ पाडायचं प्लगिन बसवलं होतं आणि त्या बर्फानं कॅलेंडर गाडलं होतं.

“बर्फ काढतो,” अण्णा फोनवर म्हणाले.

“राहू द्या की अण्णा. बघून जरा गार वाटतंय.”

दुसरा कुणी असता तर त्यानं फोन आपटला असता. अण्णांनी अर्धा दिवस खर्च केला आणि कॅलेंडरही चालेल, बर्फही पडेल अशी व्यवस्था केली. मला हा माणूस आवडतो तो याच्यासाठी.

एकेचाळिसावी साइट गोदाक्कांची. गोदाक्का सत्तरी ओलांडलेल्या, बार्शीजवळच्या एका गावात शेंगाची चटणी कुटून विकतात. पुतण्यानं साइट करून घेतली, ती अण्णांच्या गळ्यात घातली आणि तो नोकरीला परदेशी गेला. उत्तर न देण्याचा नियम काकूला सांगायचं तो विसरला. अण्णांच्या पहिल्याच ‘पोचलं का?’ला पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘पोचलं की. जेवला का न्हाय?’

“वाचता येत न्हाय का हिला?” अण्णा कडाडले. “खाली स्पष्ट लिहिलंय!”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दारी आलेल्या माणसाला जेवण विचारायचं, मग तो दारातून येवो की फोनमधून, एवढंच त्या बाईला ठाऊक. नियमाप्रमाणे अण्णांनी त्या प्रश्नाला कधी उत्तर दिलं नाही. पण महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं, की चहा आणि टोस्टवर दिवस काढणारा हा माणूस डबा आणायला लागलाय. गोदाक्कांचा फॉर्म ते सगळ्यात शेवटी, सावकाश भरायला लागले. बाकीच्या चाळीस ठिकाणी तेच ठरलेलं वाक्य. इथे, ‘पोचलं का? ऊन लई आहे, कुटायचं काम सकाळीच उरका. उत्तर देऊ नये.’

उत्तर रोज यायचं. दोन वर्षं आलं. अण्णांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन निजामाबादला. जेवलास का, असं विचारणारं दुसरं कुणी त्यांना नव्हतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण शेजारच्या टेबलावरून माणसाला एवढं दिसतं.

मग एका सोमवारी उत्तर आलं नाही.

मंगळवारीही नाही. “गावाला गेली असेल,” अण्णा म्हणाले. बुधवारी मी त्यांच्याच थाटात विचारलं, “अण्णा, साइटला शेवटचा हात कुणाचा?”

“कुणीच न्हाय लावला हात,” अण्णा तुटकपणे म्हणाले.

गुरुवारी त्यांनी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. गोदाक्कांची साइट उघडून बसले. फॉर्म भरला की हिरव्या अक्षरांत ‘आपला संदेश पाठवला आहे’ असं छान येत होतं. एरवी हे हिरवं दिसलं की अण्णा खूश असतात. आज ते त्याच्याकडे बघवत नसल्यासारखे बघत होते. सगळे भाडेकरू बाहेर काढून झाले, एकेक आत घेऊन झाला. फोटोंचं प्लगिन तपासलं, ज्याचा मेलशी काडीचा संबंध नाही. डबा तसाच बांधलेला.

खरं तर परीक्षा पाच मिनिटांची होती, त्यांनीच मला शिकवलेली. फॉर्ममध्ये मालकाच्या पत्त्याऐवजी आपला पत्ता घालायचा आणि मेल येतो का बघायचं. नाही आला तर दोष साइटचा. आला, तर साइट ठणठणीत आणि गोष्ट तिकडची.

“अण्णा, पत्ता बदलून बघा ना.”

“आगू.”

थोड्या वेळानं मी पुन्हा म्हटलं. पुन्हा “आगू.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर दुसऱ्यांचे दोष काढलेला हा माणूस आज दोष आपल्या साइटमध्येच निघावा म्हणून तडफडत होता. मेल आला असता, तर गोदाक्कांचं काय झालं हा एकच प्रश्न उरला असता. त्यांचा फोन नंबर साइटच्या तळाशी ठळक लिहिलेला होता. त्याकडे तर अण्णा ढुंकूनही बघत नव्हते.

साडेतीनला त्यांनी पत्ता बदलला. फॉर्म भरला. हिरवं आलं. आम्ही दोघं त्यांच्या रिकाम्या मेलपेटीकडे बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. काही आलं नाही.

“न्हाय आलं,” अण्णा म्हणाले. मग उभे राहून मोठ्यांदा, “ताई, न्हाय आलं की!” मेल न आल्याचा एवढा आनंद मी जन्मात पाहिला नव्हता. तरी नंबर मलाच लावावा लागला. मी फोन त्यांच्या हातात दिला.

“ह्यालो, कोन?” आवाज खणखणीत. अण्णांचा जीव भांड्यात पडला.

“मी... चाचणी,” ते कसेबसे म्हणाले.

“आगं बया! कुटं होतास रं चार दिस? मी म्हनलं, आजारी पडलं का काय लेकरू. इचारायचं तर कुनाला? नाव न्हाय, गाव न्हाय. बरा हायेस न्हवं?”

“बरा आहे,” पंचावन्न वर्षांचं लेकरू म्हणालं आणि डोळे पुसायला खिडकीकडे वळलं.

दोष मेल पाठवणाऱ्या प्लगिनचा निघाला. रविवारी त्याची नवी आवृत्ती चढवली गेली होती. कुणी चढवली, त्याचीही नोंद साइटवर राहते. तिथे अण्णांचंच नाव होतं. लाडाची साइट सगळ्यात आधी ताजी असावी म्हणून रविवारी घरी बसून, नक्कल न काढता त्यांनी ती चढवली होती आणि साफ विसरले होते.

“शेवटचा हात कुणाचा म्हणे?” मी सोडते होय.

“माझाच की,” अण्णा म्हणाले. एवढ्या समाधानानं गुन्हा कबूल केलेला मी कुणी पाहिला नाही.

शुक्रवारी सकाळी चाळीस फॉर्म नेहमीसारखे भरून झाले. एकेचाळिसाव्याला, नावाच्या रकान्यात त्यांनी ‘चाचणी’ लिहिलं, खोडलं आणि ‘अंबादास’ लिहिलं. मजकुरात फक्त ‘पोचलं का?’. पुढचं वाक्य नव्हतंच.

उत्तर लगेच आलं. ‘पोचलं की अंबादास. जेवला का न्हाय?’

अण्णांनी कीबोर्डवर हात ठेवले आणि उचलले. डबा पुढे ओढला, सोडला, भाकरीचे चार घास सावकाश खाल्ले, पाणी प्याले. मग दोन वर्षांत पहिल्यांदा त्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं, ‘हो. आत्ताच जेवलो.’