केसरबाईंचा कोरा चौकोन

केसरबाईंच्या पत्राला रामाजींनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. केसरबाई आरमोरीजवळच्या शाळेत शिक्षिका. शाळेच्या भिंतीवर त्यांनी आसपासच्या गावांची माहिती रंगवून घेतली होती. एकच चौकोन कोरा होता. 'चंद्रपूर हे नाव कुठून आलं, एका ओळीत कळवा,' एवढंच मागणं. पस्तीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या रामाजींकडे सोळा ओळी तयार होत्या आणि प्रत्येकीच्या शेवटी 'असे म्हणतात'.

सोमवारी बाईंचा फोन आला. "भाऊ, शनिवारी मी रिटायर होऊन राह्यली. हेडमास्तर त्या जागी संडासाचे नियम लिहतो म्हणते. काई तं द्या."

मंगळवारी रामाजी सोळा ओळींची पिशवी घेऊन चंद्रपूरहून आरमोरीच्या बसमध्ये बसले. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. मूल गाव मागं पडल्यावर त्यांनी शेजारच्या सीटवरच्या जंगू म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "चंद्रपूर हे नाव कसं पडलं असेल?"

"चंद्रपूर म्हंजे आमचा चांदा. गोंड राजाचं गाव. ससा कुत्र्याच्या मांगं धावला, त्या वाटेनं परकोट बांधला. सशाच्या कपाळावर चांद होता."

पुढची बाई वळली. "ससा-बिसा काई नाई. आधी इंदुपूर होतं. इंदू म्हंजे चंद्र."

"आमी सिरोंच्याचे, तेलुगू बोलतो," मागच्या सीटवरच्या भागीरथाबाई म्हणाल्या, "तरी चांदाच म्हणतो. आमी काय येडे हाओ?"

"तिकिटावर चंद्रपूर छापलं हाये," कंडक्टरनं निकाल दिला. "विषय खतम."

"मंग मूलच्या स्टँडवर 'चांदा, चांदा' काऊन ओरडता?" भागीरथाबाईंनी विचारलं.

बस हसली, कंडक्टर चिडला. सिंदेवाहीत ड्रायव्हरनं गाडी उभी केली ती केलीच. "हे काढलं कोणं?"

सगळी बोटं रामाजींकडे वळली.

"तुमीच सांगा, भाऊ. मंग गाडी हालन."

रामाजी म्हणाले, "मला... नक्की माहीत नाही."

मग ज्याला त्याला आपलंच खरं असल्याचा परवाना मिळाला आणि दुप्पट जोरानं भांडण पेटलं. रामाजी गुपचूप उतरले. थोड्या वेळानं बस भांडतच निघून गेली, सोळा ओळींची पिशवी घेऊन.

समोर पोस्ट होतं. त्यांनी कार्ड घेतलं आणि उभ्या-उभ्या लिहिलं: 'बाई, चौकोनाला काळा रंग द्या. वर लिहा, चंद्रपूर हे नाव कुठून आलं? घरी विचारा आणि इथं लिहा. खाली खडू ठेवा.'

शंका यायच्या आत त्यांनी कार्ड पेटीत टाकलं. त्यात 'असे म्हणतात' कुठंच नव्हतं.