सोकोरो बुडत नाही

दोन्या सोकोरो स्वयंपाकघरात आल्या तेव्हा जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजी भाल्याच्या दोन बंदुका, चार जोड रबरं, नव्वद फूट दोर आणि दोन तरंगते बोये मांडलेले होते. त्यांचा जावई एवारिस्तो गेले तीन आठवडे या पसाऱ्यापुढे मुलगी बघायला आल्यासारखा बसत होता. छोटी बंदूक हाताला हलकी, पण भाला लांब जात नाही. मोठी लांब मारते, पण पाण्यात फिरवताना दमछाक होते. पसंती काही ठरत नव्हती.

"मोठीच घ्या, बर्फवाले," सासूबाई म्हणाल्या. "ट्यूना काही जवळ येऊन 'मार' म्हणणार नाही."

एवारिस्तोचा बर्फाचा कारखाना होता, आणि लग्नाला अठरा वर्षं होऊनही सासूबाईंनी त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. रविवारी त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशीचा मासा मी स्वतः बुडी मारून आणीन, असा शब्द एवारिस्तोनं भर पंगतीत देऊन ठेवला होता. त्याचे सासरे तसा आणत. त्यांच्या ट्यूनाची लांबी गावातले लोक अजून हात पसरून दाखवत, आणि ते हात दरवर्षी जरा जास्तच पसरत.

"हा दोर मोठ्या बोयाला कशानं जोडलाय?"

"स्टीलची कडी आहे, सासूबाई. दुकानदार म्हणाला, हिला बैल टांगला तरी हलणार नाही."

"बैल खोल पाण्यात पळत नाही," त्या म्हणाल्या आणि कॉफी ठेवायला वळल्या.

एवढा वेळ एवारिस्तो मोठा बोया पोटाशी धरून बसला होता, आणि त्याला कारण होतं. त्या किनाऱ्यावर प्रत्येक बोयावर नाव रंगवतात, म्हणजे वाहून गेला तरी ज्याचा त्याला परत मिळतो. एवारिस्तोनं आपल्या बोयावर मोठ्या अक्षरांत 'सोकोरो' रंगवलं होतं. त्याचा मित्र चुय ते वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. आता या नावाची गंमत अशी, की तिथल्या भाषेत 'सोकोरो' म्हणजे 'धावा, वाचवा'. हाकेला धावणाऱ्या देवमातेच्या नावावरून मुलींची नावं ठेवतात; पुढचं 'दोन्या' हा नुसता मान, आपल्या 'बाईसाहेब'सारखा. ही गोष्ट एवारिस्तोला माहीत होती, फक्त ऐन वेळी आठवली नाही.

शनिवारी सकाळी चुयच्या होडीतून दोघं समुद्रात गेले. तिसऱ्या बुडीला एवारिस्तोला खाली निळ्यात ट्यूना दिसला. त्यानं मोठ्या बंदुकीचा चाप ओढला, भाला लागला आणि मासा जो पळत सुटला तो सुटलाच. भाल्याला बांधलेला दोर सरसरत गेला, छोटा बोया पाण्याखाली गडप झाला आणि मोठा नारिंगी बोया पूर्वेकडे पळू लागला. एवारिस्तो धापा टाकत होडीत चढेपर्यंत चुयनं इंजिनाची दोरी सात वेळा ओढली होती. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"रेडिओवर सांग कुणाला तरी," चुय म्हणाला.

एवारिस्तोनं रेडिओ हिसकावला. "सोकोरो चालली. सोकोरो, सोकोरो. बेटाच्या पूर्वेला."

"ऐकलं. कोण बुडतंय?"

"कोणी बुडत नाहीये रे. सोकोरो वाहून चाललीय."

"कुठली सोकोरो?"

"माझ्या सासूचं नाव..." इथं रेडिओ खरखरला. पलीकडे पोचली ती नुसती सासू. मदत व्हावी म्हणून एवारिस्तोनं भर घातली, "गोल आहे. नारिंगी. अजून वर दिसतेय."

चुयनं हातातली दोरी सोडली. "काय बोललास ते तुझं तुला तरी कळलं का?"

कळायला फार वेळ लागला नाही. पाऊण तासात सतरा होड्या येऊन ठेपल्या. न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आला होता, आणि ते गिऱ्हाईकही सोबत होतं. एका म्हाताऱ्यानं एवारिस्तोसमोर हॅट काढली. "बाई मोठ्या करारी होत्या," तो म्हणाला.

"आहेत," एवारिस्तो म्हणाला. "घरी आहेत. तो बोया आहे."

म्हाताऱ्यानं हॅट पुन्हा घातली. तरीही सगळे बोयामागे गेले. दोन मैलांवर सोकोरो शांतपणे तरंगत होती आणि तिच्याखाली दमलेला ट्यूना होता. तो वर ओढायला चार माणसं लागली.

किनाऱ्यावर बायका घोंगड्या घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे दोन्या सोकोरो होत्या. कोणीतरी बुडतंय एवढंच कानावर येताच त्या धावल्या होत्या. कोण, ते सांगायची कुणाची हिंमत झाली नव्हती. होडीतून बोया वाळूत पडला, दोनदा लोळला आणि नाव वर करून थांबला.

"हे माझं नाव."

"हो."

"का?"

सतरा होड्यांमधली माणसं ऐकत होती, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. "बुडत नाही म्हणून," एवारिस्तो म्हणाला. "आणि पाठ सोडत नाही म्हणून."

चुय समुद्राकडे बघत राहिला. दोन्या सोकोरो वाकल्या आणि त्यांनी दोर उचलला. दुकानदाराची कडी पार सरळ झाली होती. दोर धरून ठेवला होता तो तिच्याशेजारच्या मेणदोऱ्याच्या गाठीनं. ती गाठ एवारिस्तोनं मारलेली नव्हती. तशी गाठ त्यानं फक्त सासऱ्यांच्या जुन्या दोरावर पाहिली होती.

"ही कुणी मारली?"

"मी. काल संध्याकाळी, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा."

"म्हणजे नाव कालच वाचलंत?"

"वाचलं ना. म्हटलं, माझं नाव घालून मासा सुटायला नको."

अठरा वर्षांत आपल्या नकळत अशा किती गाठी मारल्या गेल्या असतील, याचा एवारिस्तोला अंदाजच येईना. त्यानं त्यांचा हात हातात घेतला. "सासूबाई, मी तुमचे कधी आभारच मानले नाहीत."

"मग आता माना. आणि बर्फ मागवा, मासा उन्हात आहे."

रविवारी सतराही होड्यांतली माणसं पोटभर जेवली. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तर तिसऱ्यांदा वाढून घेत होतं. पाहुणे पांगल्यावर दोन्या सोकोरो काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन अंगणात आल्या.

"अरे एवारिस्तो," त्या म्हणाल्या, "नावाच्या आधी 'दोन्या' लिही. एवढं गाव माझ्यासाठी धावलं, नुसतं सोकोरो बरं दिसत नाही. आणि अक्षर नीट काढ."

एवारिस्तोनं ब्रश घेतला. पण आपलं नाव त्यानं ऐकलं होतं, आणि पहिलं अक्षर वाकडंच आलं.