इंदुकाकूंचा लोड

आमच्या कॉलनीत तेरावं उरकलं की गेलेलं माणूस आपापल्या प्लगवर येतं आणि बोलायला लागतं. त्यात विशेष काही नाही. सामंतांच्या आई देवघरातल्या प्लगवर आल्या, वासूभाऊ गीझरच्या.

दिगंबरकाकांच्या इंदुकाकू मिक्सरच्या प्लगवर आल्या. "अहो, ऐकता का..." एवढं म्हणाल्या आणि बोर्डावरचा एमसीबी खट्कन पडला. काकांनी तो वर केला. "अहो, ऐकता का..." पुन्हा खट्.

वायरमन नौशादला बोलावलं. त्याने बोर्ड उघडून पाहिला.

"काका, काकूंचा लोड सोळा अँपिअरचा आहे. इथे सॉकेट सहाचं, एमसीबी सहाचा आणि वायर ही एवढी बारीक."

"जिवंतपणी तर गप्प असायची."

"म्हणून तर साठलंय."

"मग एमसीबी मोठा टाक."

"नाही टाकणार. तो वायरला सांभाळायला असतो. वायर बारीक ठेवून तो मोठा केला, तर तो पडायचा नाही आणि वायर भिंतीत जळेल. बदलायचं तर तिन्ही बदलू. पण काकू या वायरीत आहेत. वायर ओढली की त्याही गेल्या."

काका ओट्याला टेकले. घर बांधताना हॉलला, एसीला जाड वायर त्यांनीच टाकून घेतली होती. स्वयंपाकघराला कशाला, म्हणाले होते.

"मग काकूंना सांगा, थोडं थोडं बोला."

"जन्मभर तेच सांगत आलो, बाबा."

नौशाद गेल्यावर काकांनी करू नये ते केलं. बाजारातून बत्तीसचा एमसीबी आणून स्वतःच बसवला. मी तिथेच होतो; मला चहा विचारला होता, तो अजून यायचाय.

"अहो, ऐकता का," काकू म्हणाल्या. या वेळी काही पडलं नाही. "भिंत तापलीय. हात लावू नका. आधी मेन बंद करा."

"ते राहू दे गं. तुझं बोल."

"बंद करा म्हणते ना! पोळाल."

जळका वास सुटला. काकांनी मेन बंद केला.

दुसऱ्या दिवशी नौशादने जळालेलं टोक छाटलं, सहाचा एमसीबी परत बसवला आणि पैसे न घेता गेला.

आता काका संध्याकाळी बोर्डासमोर स्टूल टाकून बसतात. टीव्ही बंद असतो.

"अहो, ऐकता का..."

खट्.

"ऐकतोय," काका म्हणतात आणि एमसीबी वर करतात.