सारंग छाप, नंबर सात

रेकॉर्ड फुटते ती हातातून पडून, आणि आपल्या हातून आजवर काही पडलेलं नाही, असं बाबूभाई मूल गावच्या बाजारात छातीठोकपणे सांगत. लग्नाला भोंगा आणि फोनो भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा. आणि खोटं कशाला बोला, सन छप्पनच्या मे महिन्यात रुखमाबाईंची रेकॉर्डसुद्धा त्यांच्या हातून पडली नाही. ती उन्हानं वाकली!

झालं असं. एका लग्नासाठी गावातल्याच रुखमाबाईंनी आपण होऊन बाबूभाईंना घरची रेकॉर्ड आणून दिली. धानोऱ्याकडच्या कुठल्याशा बँड पार्टीची. सनई आणि ढोल, बस्स. हीच पार्टी रुखमाबाईंच्या लग्नात वाजली होती, म्हणून त्यांचे यजमान मुखरूजी त्या रेकॉर्डला जिवापाड जपत. मुखरूजी तेंदूपत्त्याच्या कामावर जंगलात गेलेले, आणि त्यांना न विचारता बाईंनी ती दिलेली. बाबूभाईंनीही ती जपली. सामानाखाली दबू नये म्हणून बैलगाडीत सगळ्यात वर ठेवली. भर दुपारी, सहा कोस. उतरवली तेव्हा तिची एक कड पापडासारखी वर आली होती.

बाबूभाईंना घास गोड लागेना. आठ दिवसांनी मुखरूजी परतणार आणि एका भल्या बाईच्या संसारात आपल्यामुळे आग लागणार! त्यांची बायको अख्तरी म्हणाली, जाऊन सरळ माफी मागा. पण बाबूभाई हट्टाला पेटले होते. तश्शीच दुसरी आणीन, मगच बाईंना तोंड दाखवीन, म्हणाले.

लेबलावर वाचता येण्यासारखं एवढंच उरलं होतं: सारंग छाप, इतवारी, नागपूर, नंबर सात. बाबूभाई नागपूरला गेले. त्या पत्त्यावर एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करत बसला होता. कंपनी नऊ रेकॉर्डी काढून बुडाली, असं त्यानं सांगितलं. सातव्या नंबरची पार्टी धानोऱ्याच्या पलीकडल्या एका गावची. तिच्यातल्या लालसू ढोलवाल्यानं एक रेकॉर्ड घरी नेली होती, एवढं त्याला पक्कं आठवत होतं.

मग काय! खाकी पँट, कानावर पेन्सिल, काखेत वही आणि सायकलला बांधलेला चावीचा फोनो, अशा थाटात बाबूभाई त्या गावी पोचले. आंब्याखाली बसून त्यांनी येईल त्याला विचारायला सुरुवात केली. ढोल कोणाचा? कोणत्या साली वाजवला? आता कुठं ठेवलाय?

आता त्या मुलखात ढोल होतो शिवणीच्या अख्ख्या खोडाचा, आणि शिवण उभी असते सरकारी जंगलात. खाकी घालून, वही उघडून ढोलाची चौकशी करणारा माणूस जंगलखात्याचा नाही तर कोणाचा असणार? साऱ्या गावानं एका सुरात सांगितलं की इथं ढोल कधी नव्हताच. लग्नं? ती गुपचूप लागतात. सण? त्या दिवशी आम्ही झोपतो. लालसू नावाचा माणूस होता, पण तो मागच्या साली वारला, असं एका उंच म्हाताऱ्यानं फार हळहळून सांगितलं. तोच लालसू होता, हे बाबूभाईंना नंतर कळलं.

दोन दिवस गेले. बाबूभाई हलेनात आणि गाव बोलेना. तिसऱ्या सकाळी त्यांनी शेवटचा इलाज केला. बरोबर आणलेली ती वाकडी रेकॉर्डच फोनोवर चढवली. सुई कडेवर चढायची आणि घसरायची. सनई हेल काढून रडू लागली आणि ढोल प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या खाऊ लागला. वारलेल्या लालसूला ते अर्धा मिनिटही सोसवलं नाही. त्यानं भाताच्या तणसाच्या ढिगात हात घालून भला मोठा ढोल ओढून काढला.

"बंद करा थे! असा वाजवला व्हता काय मी? आयका इथी!"

आणि त्यानं असा ठेका धरला की गाव काम टाकून नाचायला लागलं. ठेका संपला, लालसूची नजर वहीवर गेली आणि तो ढोल पुन्हा तणसात कोंबू लागला.

बाबूभाईंनी अल्लाची शपथ घेऊन सारी हकिकत सांगितली. "मी जंगलचा नाकेदार नाई, भाऊ. एका बाईचा संसार वाचवून राह्यलो." वहीतली लिहिलेली पानं फाडून हातात दिली, तेव्हा कुठं लालसूचा विश्वास बसला. त्यानं घरातून रेकॉर्ड आणली. मोहफुलांच्या मडक्यावर झाकण म्हणून ती इतकी वर्षं अंधारात, गारव्याला होती. वास मारत होती, पण सरळ होती!

रेकॉर्ड छातीशी धरून, सावली बघत बघत, बाबूभाई सातव्या दिवशी मूलला पोचले आणि घरी न जाता रुखमाबाईंच्या दारात उभे राहिले. केलेला गुन्हा कबूल केला आणि दुसरी रेकॉर्ड पुढं धरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

रुखमाबाई रेकॉर्डकडे बघतच राहिल्या. मग उंबऱ्यावर बसल्या.

"बाबूभाऊ, नऊ वर्सं झाली, सकाळी दोनदा न् सांजी तीनदा हाच ढोल आयकून राह्यली मी. लग्नाच्या गर्दीत फुटन, नाई तं हरपन, म्हनून तं तुमाले देल्ली व्हती."

माफीचं भाषण बाबूभाईंनी वाटभर पाठ केलं होतं, पण ते रेकॉर्ड बिघडवल्याबद्दलचं होतं. त्यांनी त्यातलं तेवढं बदललं आणि ती परत आणल्याबद्दल बाईंची माफी मागितली.