दोन यंत्रांची विचारपूस

बात्सिराईला कॉम्प्युटरमधलं सगळं कळायचं, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. मुटारे शहरातल्या ‘रुझिवो’ कंपनीत चार माणसं होती. लोकांचे अडलेले कॉम्प्युटर, रुसलेले प्रिंटर आणि हरवलेले पासवर्ड यांच्यावर त्यांची पोटं भरत होती. बात्सिराईने हात लावला की मेलेलं यंत्र उठून बसायचं. फक्त माणसाशी बोलायची वेळ आली की त्याला दम निघत नसे. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, “काय बिघडलंय?”

आता असं कुणी बोलतं का? आपल्याकडे माणूस सकाळी भेटला की आधी विचारतो, नीट झोपलात का? समोरचा म्हणतो, तुम्ही झोपला असाल तर मीही झोपलो. मग घर, मुलंबाळं, गुरं, मका, म्हाताऱ्यांचे गुडघे. एवढं सगळं झालं की मग हळूच, जाता जाता, काम. बात्सिराईच्या मते हा सगळा वेळेचा चुराडा होता.

होंडे खोऱ्यातल्या चहा कारखान्याचे बडे कारकून सेकुरु साउन्यामा यांचं मत वेगळं होतं. अख्खं खोरं त्यांना सेकुरु, म्हणजे आजोबा म्हणे. कंपनीचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्या कारखान्याचं. एक दिवस त्यांनी कंपनीच्या मालकीणबाई माई सिगाउके यांना फोन केला, रीतसर सगळी विचारपूस केली आणि शेवटी म्हणाले, “तुमच्याकडे आमच्या कॉम्प्युटरची चौकशी होते, आमची होत नाही. करार संपत आलाय. सोमवारी येतो आणि ठेवायचा की मोडायचा ते सांगतो.”

माईंनी बात्सिराईला समोर बसवलं.

“करार गेला तर तू मामाकडे कोंबड्या पाळायला जायचंस,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कोंबड्यांना ‘काय बिघडलंय’ विचारलेलं चालतं.”

मामाच्या कोंबड्या बात्सिराईने पाहिल्या होत्या. वासही घेतला होता. तो छाती फुगवून म्हणाला की एवढंच ना, मग यंत्रालाच रीतभात शिकवतो. आणि त्याने ती खरोखर शिकवली! कंपनीकडे मेल आली की यंत्र आपणहून उत्तर देणार: नीट झोपलात का? उत्तर आलं की पुढचा प्रश्न: घरचे कसे आहेत? मग गुरं, मग मका, मग गुडघे. समोरचा स्वतः कामाचं बोलला तरच यंत्र तक्रार नोंदवणार. पण तो उलट यांचीच विचारपूस करू लागला, तर मध्येच तोडणं वाईट दिसतं, म्हणून यंत्र पुन्हा झोपेपासून सुरुवात करणार.

पहिली मेल सेकुरूंचीच आली. यंत्राने गुरांबद्दल विचारल्यावर म्हातारा विरघळला. भाचीच्या लग्नाला रुसापेला जायचं होतं, तेव्हा शुक्रवार दुपारपासून सोमवारपर्यंत येणाऱ्या प्रत्येक मेलला आपोआप उत्तर जावं, एवढंच काम होतं. पण उत्तर कोरडं नको, विचारपूस करणारं हवं. बात्सिराईने जागचं न हलता तेही करून दिलं: ‘तुम्ही झोपला असाल तर मीही झोपलो. घरचे मजेत, गुरं उत्तम. मी लग्नाला गेलोय. तुमच्याकडे सगळे कसे आहेत?’ स्वतःवर खूश होऊन त्याने शुक्रवारी लवकर घर गाठलं आणि दोन दिवस फुटबॉल पाहिला.

रविवारी माई चर्चमध्ये होत्या. कंपनीच्या प्रत्येक मेलची खबर त्यांच्या फोनवर यायची. शुक्रवार संध्याकाळपासून फोन वाजतच होता. प्रार्थनेलाही तो थांबेचना. गिऱ्हाइकं खूश आहेत असं वाटून माई मनातल्या मनात सुखावल्या. पाद्र्यांनी प्रवचन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी फोन पर्समध्ये कोंबला आणि पर्सवर बसल्या.

सोमवारी बात्सिराईने मेल उघडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कंपनीच्या यंत्राने विचारलं होतं, नीट झोपलात का? सेकुरूंच्या यंत्राने सांगितलं होतं, तुम्ही झोपला असाल तर मीही झोपलो, तुमच्याकडे कसे आहेत? यंत्राने गुरांचं विचारलं. गुरं उत्तम, तुमच्याकडे? गुडघे? शुक्रवार संध्याकाळपासून दोन यंत्रं एकमेकांची विचारपूस करत होती, आणि दोघांपैकी एकालाही आधी थांबणं प्रशस्त वाटत नव्हतं. मेलची पेटी गच्च भरून बाकीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी बाहेरच अडकल्या होत्या. बात्सिराई खाली खाली सरकत या सगळ्याच्या बुडाशी पोचला. तिथे सेकुरूंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली मेल होती: ‘नवऱ्याकडच्यांशी, त्यांनी मुलीसाठी द्यायच्या गुरांवरून, बोलणं फिसकटलं. लग्न पुढे गेलं. मी इथेच आहे. ते उत्तर बंद करा.’

म्हणजे म्हातारा तीन दिवस तिथेच बसून होता, आणि यंत्र त्याला पुन्हा पुन्हा विचारत होतं, गुरं कशी आहेत!

तेवढ्यात खाली चहाची लॉरी थांबली. सेकुरु लग्नाचा कोट घालून जिना चढून आले. माईंनी खुर्ची पुढे केली. सेकुरु बसले, टाळी वाजवून अभिवादन करायला त्यांनी दोन्ही तळवे जुळवले, आणि भेदरलेला बात्सिराई मध्येच ओरडला, “सेकुरु, पाच मिनिटांत दुरुस्त करतो. काय बिघडलंय?”

माईंनी डोळे मिटले. सेकुरूंनी जुळवलेले तळवे सावकाश खाली घेतले.

“सेकुरु, तुम्ही फोन का नाही केलात?” माईंनी कसंबसं विचारलं.

“कसा करणार, माई? इकडे विचारपूस चालू असताना अर्ध्यावर टाकून दुसरीकडे बोलायचं? बरं दिसतं का ते?” सेकुरु म्हणाले. “मी एका बोटाने उत्तर लिहीपर्यंत ही दोघं चार वेळा गुरांपर्यंत पोचायची. आधी राग आला. मग बसलो वाचत. माझ्या गुडघ्याचं या यंत्राने जितक्यांदा विचारलं, तितकं माझ्या तिन्ही जावयांनी मिळून विचारलं नाही. थकलं नाही, कंटाळलं नाही. शेवटी मीच उठून नवऱ्याकडच्यांकडे गेलो. म्हटलं, यंत्रं तीन दिवस गोड बोलतात, आपल्याला काय धाड भरलीय? गुरांचं मिटलं. येत्या शनिवारी लग्न.”

माईंच्या जिवात जीव आला. “मग करार?”

“ठेवला. त्या यंत्राशी.” त्यांनी बात्सिराईकडे बोट केलं. “या पोराशी नाही.”

कोंबड्या टळल्या, यातच बात्सिराईला सगळं मिळालं. यंत्राला कुठे थांबायचं ते त्याने शिकवलं, आणि माईंनी त्याला शिकवणी लावली: रोज सकाळी आधी यंत्राला मेल पाठवायची, ते कसं बोलतं ते वाचायचं आणि मगच फोन उचलायचा. पहिल्या दिवशी यंत्राने त्याला विचारलं, नीट झोपलात का?

बात्सिराईची बोटं सवयीने चालली: ‘काय बिघडलंय?’

यंत्राने त्याची तक्रार नोंदवून घेतली आणि अदबीने विचारलं, घरचे कसे आहेत?